फोर बाय फोर लागत नाही, तेव्हा...

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मृगाचा पाऊस पडून गेला, शेतातल्या पायवाटांचा चिखल झाला, की जुन्या जीपवाल्यांचे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. कुणी म्हणतं, "दांडा टाकतो, पण पुढची चाकं ओढतच नाहीत." कुणी म्हणतं, "बटण फिरवलं की दिवा लुकलुकतो आणि विझून जातो." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, "मेकॅनिकनं ट्रान्स्फर केस बदलायला सांगितलीय." हे दुसरं वाक्य खरं असतं तेव्हा खर्च मोठा असतो. पण माझा अनुभव असा, की बऱ्याचदा ते खरं नसतं. दोष एखाद्या चिरलेल्या रबरी नळीत, गंजलेल्या जोडणीत किंवा चाकाच्या मध्यभागी घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये असतो, आणि मालक मात्र ट्रान्स्फर केसच्या खर्चानं हबकून फोर बाय फोरचा नादच सोडून देतो. मग ती गाडी नुसती जड, तेल जास्त खाणारी, मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी उरते.

शहरात राहणाऱ्याला यात काय एवढं, असं वाटेल. पण वेल्हे, पाटण, जव्हार, मोखाडा अशा भागातल्या वाडीवर एखादीच अशी गाडी असते. बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत आणणं, दुधाचे कॅन वेळेत पोचवणं, साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेणं, हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये त्या गाडीच्या पुढच्या चाकांवर अवलंबून असतं. ती चाकं ओढत नाहीत हे चढावर, रात्री, पेशंट मागे झोपवलेला असताना कळून उपयोगाचं नाही.

आपण बोलतोय त्या गाड्या कोणत्या, ते आधी सांगतो. विलीज जीपची जोडणी महिंद्रांनी मुंबईत सुरू केली. तिच्या वंशातल्या असंख्य जीपगाड्या आजही खेड्यांत पळताना दिसतात. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. लष्करात आणि पोलिसांत वापरून झालेल्या अशा गाड्या लिलावातून कितीतरी लोकांनी घेतल्या. १९९८ साली टाटांची सफारी आली, २००२ साली स्कॉर्पिओ आली. जुन्या जीप आणि जिप्सीत फोर बाय फोर लावायला गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा असतो, काही जुन्या जीपमध्ये तर दोन. सफारी आणि स्कॉर्पिओच्या फोर बाय फोर नमुन्यांत दांडा गेला आणि डॅशबोर्डवर बटण आलं. बटण आलं म्हणजे वायर आल्या, मोटर आली, छोटा कॉम्प्युटर आला. सोय वाढली, तसे बिघडण्याचे ठिकाणही वाढले.

या सगळ्या गाड्यांचं मूळ तत्त्व एकच आहे. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. गिअरबॉक्सच्या मागे किंवा शेजारी एक पेटी असते, ती ट्रान्स्फर केस. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. फोर बाय फोर लावलं, की पेटीच्या आतली एक दातेरी कडी सरकते आणि पुढचा शाफ्ट मागच्याशी जखडला जातो. पुढच्या शाफ्टची ताकद पुढच्या डिफरन्शिअलमध्ये जाते, तिथून दोन अर्ध्या शाफ्टांतून चाकांकडे. पण चाकापाशी आणखी एक जोड असतो. रोजच्या वापरात पुढचा सगळा लवाजमा उगीच फिरत राहू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत चाकाच्या हबमध्ये सोडण्या-जोडण्याची सोय असते. काही गाड्यांत ती सोय हबमध्ये नसून पुढच्या ॲक्सलमध्ये एका बाजूला असते.

म्हणजे इंजिनापासून पुढच्या चाकापर्यंत दोन कड्या जुळाव्या लागतात, एक ट्रान्स्फर केसमधली, दुसरी चाकाजवळची. त्यातली कुठलीही एक सुटली तरी लक्षण एकच दिसतं, पुढची चाकं ओढत नाहीत. आणि मेकॅनिक बोट दाखवतो ते नेहमी पहिल्या, महागड्या कडीकडे.

आता एक गंमत सांगतो. "फोर बाय फोर लागत नाही" अशी तक्रार असलेल्या काही गाड्यांचं फोर बाय फोर ठणठणीत असतं. गाडी खड्ड्यात तिरपी अडकलेली असते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जवळजवळ अधांतरी, ती दोन गरागरा फिरताहेत आणि उरलेली दोन स्वस्थ उभी. बघणारा म्हणतो, चारही चाकं कुठं फिरताहेत? पण साधं डिफरन्शिअल ज्या चाकाला अडथळा कमी, त्याच चाकाला फिरवून मोकळं होतं. त्याला चिखलातलं आणि कातळावरचं चाक यांत फरक करता येत नाही. पुढचं एक जरी चाक इंजिनाच्या ताकदीनं फिरत असेल, तर तुमचं फोर बाय फोर लागलेलं आहे. तिथं दुरुस्ती नको, चाकाखाली दगड आणि फांद्या घाला.

याच्या उलट दुसरा प्रकार, लागलेलं सुटतच नाही. याचं कारण जवळजवळ नेहमी चालकाच्या सवयीत सापडतं. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकदा जखडले, की दोघांना एकाच वेगानं फिरावं लागतं. पण वळणावर पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा लांबचा रस्ता कापायचा असतो. साधा हिशेब करा. पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली गाडी गोल फिरते आहे आणि पुढच्या ॲक्सलचा मध्य ५.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो आहे. मग मागच्या ॲक्सलच्या मध्याची त्रिज्या साधारण ४.९५ मीटर येते. एका पूर्ण फेरीत पुढचा मध्य सुमारे ३४.५ मीटर जाईल आणि मागचा ३१ मीटर. साडेतीन मीटरचा फरक, म्हणजे जिप्सीसारख्या गाडीच्या चाकाचा दीडहून जास्त फेरा. चिखलात हा फरक चाक घसरून भरून निघतो, कुणाला कळतही नाही. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि दात्यांमध्ये साठतो. दाते एकमेकांवर इतके घट्ट बसतात की दांडा दोन हातांनी ओढला तरी हलत नाही. म्हणूनच फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचं नसतं. आणि तसं अडकलंच, तर दांड्यावर लाथा घालू नका. गाडी सरळ रेषेत पाच-दहा मीटर मागे घ्या, शक्य तर कच्च्या जमिनीवर. पीळ उलगडतो आणि दांडा आपोआप मोकळा होतो.

हाच पीळ दुसऱ्या वाटेनंही येतो. पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले, किंवा दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाचे. मग सरळ रस्त्यावरसुद्धा दोन्ही शाफ्ट एकमेकांशी भांडत राहतात. पैसे वाचवायला दोनच टायर बदलणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. फोर बाय फोर गाडीत ती बचत महागात जाते.

आता खरी तपासणी. हिला यंत्र लागत नाही, दोन माणसं, एक चांगला जॅक, दोन लोखंडी स्टँड आणि चार मोठे दगड पुरतात. सपाट, कठीण जमीन निवडा. मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावा, हँडब्रेक ओढा. पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलखाली किंवा चासीखाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालू नका. आणि हे सगळं इंजिन बंद ठेवूनच करायचं. पुढची चाकं वर आणि मागची जमिनीवर अशा अवस्थेत इंजिन चालवून गिअर टाकला, तर गाडी स्टँडवरून उडी मारते.

मग फोर-एच, म्हणजे चार चाकं आणि जलद गती, या जागी दांडा टाका. बटणाची गाडी असेल तर किल्ली फिरवून बटणानं लावा, व्हॅक्यूमवर चालणारी असेल तर इंजिन जरा वेळ चालू ठेवून लावा, आणि मग गाडी उचलायच्या आधी इंजिन बंद करा. आता गाडीखालचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट हातानं फिरवून बघा. थोडासा खेळ सोडला तर तो फिरता कामा नये, कारण तो मागच्या शाफ्टशी जखडला आहे आणि मागची चाकं जमिनीवर टेकलेली आहेत. तो आरामात गरागरा फिरला, तर पहिली कडी जुळलेली नाही. दोष ट्रान्स्फर केसमध्ये किंवा तिला हुकूम देणाऱ्या दांडा-मोटर-वायर यांच्यात.

शाफ्ट घट्ट असेल तर ट्रान्स्फर केस आपलं काम करते आहे. मग एकानं पुढचं डावं चाक हातानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं उजवीकडे बघायचं. शाफ्ट घट्ट आणि दोन्ही हब जुळलेले असतील, तर डावं चाक पुढे फिरवल्यावर उजवं उलट्या दिशेनं फिरतं. डिफरन्शिअलचा तो स्वभावच आहे. उजवं चाक स्वस्थ राहिलं, तर कुठल्या तरी एका बाजूचा जोड सुटलेला आहे. कुठल्या बाजूचा, ते ओळखणंही सोपं. हातातलं चाक फिरताना त्याचा आतला अर्धा शाफ्ट फिरत नसेल, तर त्याच बाजूचा हब सुटा. शाफ्ट फिरतो पण पलीकडचं चाक फिरत नाही, तर पलीकडचा. साध्या डिफरन्शिअलमुळे एका बाजूचा हब सुटला तरी पुढची दोन्ही चाकं निकामी होतात, कारण सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूनं निघून जाते. ही अर्ध्या तासाची परीक्षा करून मग गॅरेजमध्ये गेलात, तर तिथली चर्चाच बदलते.

दोष चाकाजवळ निघाला, तर आधी आनंद माना. हाताच्या हबांत चाकाच्या मध्यभागी एक फिरकी असते, तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' लिहिलेलं असतं. दोन्ही बाजूंच्या फिरक्या 'लॉक'वर हव्यात, अर्ध्यामुर्ध्या नव्हे, शेवटपर्यंत. नव्या चालकाला ही फिरकी असते हेच कित्येकदा ठाऊक नसतं. तो आतला दांडा टाकून मोकळा होतो आणि गाडीला दूषणं देतो. फिरकी फिरत नसेल तर पक्कडीनं पिळू नका, ती तुटते. हब उघडा. आत वाळलेलं, मेणासारखं झालेलं ग्रीस आणि ओढ्यातून आलेली बारीक वाळू सापडेल. डिझेलनं धुवा, पुसून कोरडं करा, हबसाठीचं ग्रीस पातळ थरानं लावा. इथं एक आग्रहाचं सांगणं. ग्रीस कोंबून भरू नका. जास्त ग्रीस म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत बेअरिंगच्या बाबतीतही फारशी खरी नाही, आणि हबच्या सरकत्या कडीच्या बाबतीत तर उलटीच आहे. थंडीत ते घट्ट होतं आणि स्प्रिंगची ताकद त्याला हलवायला पुरत नाही.

दांड्याच्या गाडीत दोष पहिल्या कडीत निघाला, तर पेटी उघडण्याआधी दांड्याचा मागोवा घ्या. दांडा आत हलतो तेवढाच खाली त्याचा दुवा हलतो का? बुश झिजले असतील तर वरची निम्मी हालचाल खेळातच जिरते आणि कडी अर्धवट सरकते. अर्धवट सरकलेली कडी सपाटीला धरते आणि चढावर जोर आला की सुटते. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसून वेगळी, रबराच्या पायांवर बसवलेली असते. ते रबर फाटले की जोर येताच सगळी पेटी हलते आणि मग कंप सुटतो, दांडा जागेवर राहत नाही. पेटी दोषी नसते, तिचे पाय दोषी असतात. दांड्याखालचं रबरी कव्हर फाटून आत चिखल साचलेला असेल तर तोही काढा. आणि काही जुन्या दोन दांड्यांच्या जीपमध्ये पुढची चाकं जोडल्याशिवाय सावकाश गती पडतच नाही, अशी मुद्दाम केलेली सोय असते. सावकाश गतीत ओढ सुमारे अडीच पट होते, ती एकट्या मागच्या ॲक्सलवर पडू नये म्हणून. तो बिघाड समजू नका.

बटणाच्या गाडीत गोष्ट जरा लांबते, कारण तिथं आपला हुकूम पाच-सहा हातांतून जातो. बटण हुकूम देतं. छोटा कॉम्प्युटर तो ऐकतो, पण लगेच पाळत नाही. तो आधी विचारतो, गाडीचा वेग किती? सावकाश गती हवी असेल तर गाडी थांबली आहे का, क्लच दाबला आहे का? समाधान झालं की तो ट्रान्स्फर केसवरच्या मोटरला वीज देतो. मोटर आतला दांडा फिरवते आणि तिच्यातच असलेली एक संपर्क-पट्टी "आता मी इथे पोचले" असं कॉम्प्युटरला कळवते. उत्तर पटलं, की डॅशबोर्डवरचा दिवा स्थिर होतो. उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं, की दिवा लुकलुकत राहतो. म्हणून लुकलुकणारा दिवा म्हणजे गाडी बिघडली एवढंच सांगत नाही, काम कुठंतरी अर्ध्यावर थांबलं आहे हेही सांगतो.

सुरुवात कानानं करा. इंजिन बंद, किल्ली चालू, रेडिओ बंद. एकानं बटण फिरवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली कान द्यायचा. मोटरचा "घर्र" असा दोनेक सेकंदांचा आवाज येतो का? आवाजच नसेल तर आधी फ्यूज. फ्यूज नुसता बघू नका, काढून दुसरा घाला, कारण वरून धड दिसणारा फ्यूज पायांशी गंजलेला असतो. मग बॅटरी. म्हातारी बॅटरी इंजिन कसंबसं सुरू करते, पण त्यानंतर व्होल्टेज पडलेलं असेल तर कॉम्प्युटर मोटर फिरवायचा नाद सोडून देतो. मग आर्थिंग. चासीला जोडलेली अर्थची तार चिखलानं आणि गंजानं कुजते, बोल्ट काढून पॉलिशपेपरनं घासली की कितीतरी रहस्यं उलगडतात.

एका दूध-संकलनाच्या जुन्या डिझेल गाडीचं असंच झालं होतं. फोर-एच लागायचं, पण सावकाश गती लागायची नाही. ट्रान्स्फर केस खोलायचं ठरलं होतं, पैशांची जमवाजमव चालू होती. दोष निघाला क्लचच्या पॅडलपाशी. क्लच दाबला हे कॉम्प्युटरला कळवणारा एक नखाएवढा स्विच तिथं असतो, आणि मालकानं हौसेनं घातलेल्या जाड मॅटमुळे पॅडल पूर्ण खाली जातच नव्हतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं क्लच कधी दाबलाच जात नव्हता. मॅट कापली, काम झालं. प्रत्येक गाडीचं असं होईल असं नाही, पण सावकाश गतीच तेवढी रुसली असेल तर हा स्विच आधी बघा. त्याचप्रमाणे स्पीडोमीटरचा काटा हलत नसेल, तर काही गाड्यांत तोही या दुखण्याचा भाग असतो. वेगच कळला नाही तर कॉम्प्युटर सावध पवित्रा घेतो.

आवाज येत नाही आणि फ्यूज, बॅटरी, अर्थ सगळं ठीक आहे, तर टेस्ट लॅम्प घेऊन मोटरच्या जोडणीपाशी जा. बटण फिरवताना तिथं दिवा लागतो का? लागला नाही तर वीज वाटेत अडली आहे. बटण, वायर किंवा कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला दोष सगळ्यात शेवटी द्या. ट्रान्स्फर केसवरची जोडणी गाडीच्या पोटाशी, चिखलाच्या फवाऱ्यात असते. सोडवून बघा, आत हिरवट थर दिसेल. तो घासला की निम्म्या गाड्या तिथंच बऱ्या होतात, असं म्हणावंसं वाटतं. निम्म्या म्हणजे मोजून निम्म्या नव्हेत, पण पुष्कळ.

दिवा लागतो आणि मोटर गप्प, तर मोटर अडकली आहे. बारा महिने न वापरलेली मोटर अडकणारच. लाकडी दांड्यानं हलकेच टकटक केल्यावर ती फिरली, तर ती मरणार आहे एवढं कळलं, बरी झाली असं नव्हे. ती काढून उघडावी, जुनं ग्रीस आणि कार्बनची पूड साफ करावी, संपर्क-पट्टी स्वच्छ करावी. काढताना ती कोणत्या स्थितीत बसली होती याची खडूनं खूण करा. चुकीच्या स्थितीत बसवली तर कॉम्प्युटरची आणि पेटीची समजूत वेगवेगळी होते, आणि मग बटण टू-एच दाखवतं, आत भलतंच असतं. मोटर काढलेली असताना ट्रान्स्फर केसचा बाहेर आलेला दांडा पान्ह्यानं फिरवून बघा. तो प्रत्येक जागी टक्‌कन बसत असेल तर पेटीचं आतलं आरोग्य चांगलं आहे आणि तुमचा मोठा खर्च वाचला.

इथं एक धोका सांगायलाच हवा. जलद आणि सावकाश गतीच्या मध्ये ट्रान्स्फर केसचा स्वतःचा न्यूट्रल असतो. मोटर किंवा दांडा तिथं अडकला, तर कुठलाही गिअर टाका, गाडी जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे, उतारावर गिअरमध्ये टाकून उभी केलेली गाडी त्या गिअरच्या भरवशावर थांबत नाही, कारण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच उरलेला नाही. फोर बाय फोरशी खटपट करताना गाडी उतारावर उभी असेल, तर हँडब्रेक आणि चाकाला दगड, दोन्ही हवेत.

आता व्हॅक्यूमचं. काही गाड्यांत पुढचे हब किंवा ॲक्सलमधला जोड हवेच्या ओढीनं जुळतो. पेट्रोल इंजिनात ही ओढ इंजिनाच्या श्वासातूनच मिळते. डिझेलमध्ये तशी मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला. तिथून बारीक रबरी नळ्या निघतात, विजेवर उघडणाऱ्या एक-दोन झडपांतून जातात आणि पडद्याच्या डबीपर्यंत पोचतात. पडदा ओढला गेला की जोड जुळतो. आपल्याकडच्या उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत त्या नळ्या आठ-दहा वर्षांत कडक होतात, टोकाशी चिरतात, उंदीर कुरतडतात. ट्रान्स्फर केस आपलं काम चोख करते, डॅशबोर्डवर दिवाही लागतो, आणि चाकं ओढत नाहीत ती इथं. तपासायला इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, डबीकडची नळी काढून टोकाला अंगठा लावा. फोर बाय फोर लावल्यावर ओढ जाणवली पाहिजे. नसेल तर नळी-नळी मागे जात जा, जिथं ओढ सापडेल त्याच्या पुढच्या तुकड्यात दोष. ओढ डबीपर्यंत आहे आणि जोड जुळत नाही, तर पडदा फाटला किंवा जोड गंजला. नळी बदलणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण तो टाळू नका, कारण ब्रेकला मदत करणारी बूस्टरची डबीही त्याच पंपावर चालते. ब्रेकचं पॅडल अलीकडे कडक लागतंय आणि फोर बाय फोरही रुसलंय, अशा दोन तक्रारी एकत्र आल्या, तर पंप आणि नळ्या त्याच दिवशी बघा.

एवढं करूनही शाफ्ट मोकळाच फिरत असेल, तर पेटी उघडायची वेळ आली. आत झिजलेला फोर्क, गोलावलेले दाते, ताणलेली साखळी असू शकते. साखळीची पेटी असेल तर जोर दिल्यावर "खटक खटक" असा दाते उडाल्याचा आवाज येतो. तेल काढताना ते नीट बघा. दुधासारखं पांढुरकं निघालं तर ओढ्याचं पाणी आत गेलंय. बहुतेक वेळा श्वासनळी, म्हणजे पेटीतली हवा बाहेर सोडणारी छोटी नळी, निघालेली किंवा बुजलेली असते. तापलेली पेटी थंड पाण्यात शिरली की आतली हवा आक्रसते आणि तेलाच्या सीलमधून पाणी ओढून घेते. तेलात चमकदार चुरा असेल तर गोष्ट गंभीर.

जुनी गाडी विकत घेताना फोर बाय फोर बघायची रीत यातूनच निघते. विकणारा दिवा लावून दाखवतो, त्यावर समाधान मानू नका. कच्च्या, भुसभुशीत जमिनीवर गाडी न्या. फोर-एच लावा, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि चालण्याच्या वेगानं गोल फिरवा. स्टिअरिंग जड लागलं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडखळली, तर पुढची चाकं जोडलेली आहेत. टू-एचसारखीच हलकी फिरली, तर नाहीत. मग सावकाश गती लावून पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर न देता एखाद्या उतारावरून खाली या. इंजिन गाडीला धरून ठेवतं का ते बघा, कारण घाटातल्या निसरड्या उतारावर ब्रेकपेक्षा तीच पकड उपयोगी पडते.

आणि ज्यांच्या दारात अशी गाडी आहेच, त्यांनी महिन्यातून एकदा, पावसाळा असो वा नसो, शेतातल्या मऊ मातीत दोन-तीनशे मीटर फोर बाय फोर लावून चालवावी, हाताचे हब असतील तर तेही फिरवून. पुढच्या शाफ्टला, डिफरन्शिअलला तेल मिळतं, मोटर आणि फिरक्या मोकळ्या राहतात. यंदाच्या पावसाला अजून वेळ असेल, तर जॅकवरची ती अर्ध्या तासाची परीक्षा याच रविवारी उरकून घ्या. पुढचं डावं चाक फिरवताना उजवं कुठल्या दिशेला जातं, एवढंच बघायचं आहे.